सी३ दिवसरात्र पेटलेलंच असतं, मग आपल्याच पेशी का वाचतात?

ऐरोली_मायक्रो

टी.वाय. बी.एस्सी.च्या मुलांना इम्युनॉलॉजी शिकवायचं आहे. पाठ्यपुस्तकात कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली, जंतूंवर हल्ला करणारी पूरक प्रथिनं (सी३ त्यातलंच) एका धड्यात आणि एनके पेशी, बी पेशी अशा प्रतिकारपेशींवरचे इनहिबिटरी, म्हणजे थांबवणारे, रिसेप्टर पार दुसऱ्या धड्यात. मुलं दोन्ही पाठ करतात, पण तोंडी परीक्षेत "या दोघांचा एकमेकांशी संबंध काय?" विचारलं की सगळे छताकडे बघतात. खरं सांगायचं तर तीन ठिकाणी माझंही उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

पहिलं म्हणजे अल्टरनेटिव्ह पाथवे, कॉम्प्लिमेंट पेटण्याच्या तीन मार्गांपैकी एक. त्याला ना अँटीबॉडी लागते, ना कुणाचा इशारा. सी३ आपोआप फुटत राहतं आणि फुटलेला तुकडा दिसेल त्या पृष्ठभागाला चिकटतो. मग आपल्या तांबड्या पेशी, किडनीतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर हे सगळं वाचतं कसं?

दुसरं, सी१क्यू हे कॉम्प्लिमेंटचं पहिलंच प्रथिन. ते जन्मतः नसेल तर प्रतिकारशक्ती दुबळी व्हायला हवी. उलट बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. हे कसं?

तिसरं, वर्गात दाखवायला नाव खोडलेला एक रिपोर्ट मिळाला आहे. सी३ ११८, सी४ २६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दोन्ही अगदी नॉर्मल. सीएच५०, म्हणजे कॉम्प्लिमेंटच्या एकूण कामाची चाचणी, मात्र जवळजवळ शून्य. हा वाचायचा कसा?

आणि जमल्यास तीन तासांत बसेल असं एखादं प्रॅक्टिकल सुचवा. आमच्याकडे वॉटर बाथ, सेंट्रिफ्यूज, कलरिमीटर आहे. फ्लो सायटोमीटर नाही, उणे ७० चा फ्रीझरही नाही.

---

घोडबंदर_सिरम

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आणि प्रॅक्टिकल एकाच जागी सापडेल: मेंढीची तांबडी पेशी आणि सशाची तांबडी पेशी. तिकडे येतोच, आधी थोडी पार्श्वभूमी.

रक्तात सी३ भरपूर असतं, मिलिलिटरला साधारण १ मिलिग्रॅम किंवा थोडं जास्त. त्याच्या पोटात एक थायोएस्टर बंध दडलेला असतो. सी३ फुटून सी३बी झालं की हा बंध उघडा पडतो आणि जवळच्या हायड्रॉक्सिल किंवा अमिनो गटाला पकडायला धावतो. पण त्याचं आयुष्य मायक्रोसेकंदांचं. तेवढ्यात काही मिळालं नाही तर पाण्याच्या रेणूशी संयोग होऊन तो वाया जातो. बहुतेक सी३बी असाच वाया जातो. हा पहिला ब्रेक आणि याला कुठलंही प्रथिन लागत नाही. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण पुस्तकं इथे घाईघाईने पुढे सरकतात.

जो थोडा सी३बी पेशीला चिकटतो, त्याच्यावर फॅक्टर बी बसतो, फॅक्टर डी त्याला कापतो आणि सी३बी-बीबी हे कन्व्हर्टेज, म्हणजे सी३ फोडणारं एन्झाइम, तयार होतं. ते आणखी सी३ फोडतं, त्यातून आणखी सी३बी, त्यातून आणखी कन्व्हर्टेज. खरी आग ती हीच. हे कन्व्हर्टेज एकटं सोडलं तर साधारण दीड मिनिटात निम्मं विघटित होतं. प्रॉपरडिन हे प्रथिन त्याला चिकटलं तर आयुष्य पाच ते दहापट वाढतं. म्हणजे या दीड मिनिटात कोण आधी पोचतो, टिकवणारं प्रॉपरडिन की मोडणारं फॅक्टर एच, यावर त्या पृष्ठभागाचं नशीब ठरतं.

फॅक्टर एच म्हणजे २० मण्यांची माळ समजा. पहिले चार मणी कामकरी: ते कन्व्हर्टेज मोडतात आणि फॅक्टर आयला सी३बी कापायला मदत करतात. शेवटचे दोन, १९ आणि २०, ओळख पटवणारे: ते सी३बी आणि पेशीवरचं, साखरेच्या जातीचं सायलिक अ‍ॅसिड एकाच वेळी धरतात. मधे सातव्या मण्याच्या आसपास हेपरिनसारख्या साखरसाखळ्या धरणारी आणखी एक जागा आहे. आता गंमत बघा. १९-२० मध्ये बिघाड झाला तर किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या मार खातात, तो एटिपिकल एचयूएस हा आजार. सातव्या मण्यात टायरोसिनच्या जागी हिस्टिडिन आलं (४०२ क्रमांकाचं स्थान, २००५ मध्ये उजेडात आलं) तर म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या मॅक्युलर डिजनरेशनचा धोका वाढतो. प्रथिन तेच, पण धरायची जागा कुठली निकामी झाली त्यावर आजार कुठल्या अवयवात दिसणार ते ठरतं.

भारतातल्या मुलांच्या एटिपिकल एचयूएसमध्ये तर जनुक शाबूत असूनही हेच घडतं. निम्म्याहून अधिक मुलांत फॅक्टर एचच्या विरोधातली अँटीबॉडी सापडते आणि ती बहुतेकदा याच शेवटच्या टोकाला चिकटते. अशा मुलांत सहसा सीएफएचआर१ हे शेजारचं जनुक दोन्ही गुणसूत्रांवरून गायब असतं. म्हणून आपल्याकडे अशा मुलाची अँटी-फॅक्टर एच तपासणी आधी करतात, आणि ती प्लाझ्मा एक्स्चेंज (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दुसरा देणं) सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्तावर. एक्स्चेंजनंतर घेतलेला नमुना दिशाभूल करतो.

पेशीच्या अंगावरचे पहारेकरी वेगळे. सीडी५५ कन्व्हर्टेज मोडतं, सीडी४६ फॅक्टर आयला मदत करतं, सीडी५९ सी९ ला भोक पाडू देत नाही. माणसाच्या तांबड्या पेशीवर सीडी४६ नसतंच. म्हणून पीएनएच या तांबड्या पेशी फुटण्याच्या आजारात पिग-ए जनुक बिघडून सीडी५५ आणि सीडी५९ दोन्हींचा नांगर सुटला की पहिला बळी तांबडी पेशीच ठरते.

आता प्रॅक्टिकल. मेंढीच्या तांबड्या पेशीवर सायलिक अ‍ॅसिड भरपूर, सशाच्या पेशीवर खूप कमी. माणसाचा फॅक्टर एच मेंढीच्या पेशीला 'आपली' समजतो आणि सशाच्या पेशीला परकी. मेंढीच्या पेशीवरचं सायलिक अ‍ॅसिड काढून टाकलं की तीही परकी ठरते, हे १९७८ मध्येच दाखवलं गेलं होतं.

बफर: जिलेटिन ०.१ टक्का, पीएच ७.३ ते ७.४, त्यात १० मिलिमोलर ईजीटीए आणि ७ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ईजीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, मॅग्नेशियम मोकळं राहतं. कॉम्प्लिमेंट पेटण्याचे बाकीचे दोन मार्ग, अँटीबॉडीने सुरू होणारा क्लासिकल आणि लेक्टिन पाथवे, यांना कॅल्शियम लागतं, ते बंद. हे का करायचं? कारण माणसाच्या सिरममध्ये मेंढी आणि ससा दोघांच्याही विरोधात थोड्या नैसर्गिक अँटीबॉडी असतात. कॅल्शियम ठेवलं तर दोन्ही नळ्या कमीजास्त लाल होतील आणि मुद्दाच हरवेल. पुस्तकी व्हेरोनल, म्हणजे बार्बिटालच्या, बफरच्या मागे लागू नका. बार्बिटाल नियंत्रित पदार्थांत मोडतं, कागदपत्रांतच सत्र संपेल. हेपिस वापरा. पीबीएस अजिबात नको, फॉस्फेट कॅल्शियम-मॅग्नेशियमशी भांडतं.

दोन्ही प्रकारच्या पेशी अल्सेव्हर द्रावणात विकत मिळतात. दोन आठवड्यांपेक्षा जुन्या घेऊ नका. तीनदा धुवा. तिसऱ्या धुण्यानंतरही वरचं पाणी गुलाबी असेल तर पेशी बाद. २ टक्के सस्पेन्शन करा. नळीत ८०० मायक्रोलिटर बफर, १०० सिरम, १०० पेशी. ३७ अंशांवर ३० मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलकेच हलवायचं. नाहीतर पेशी तळाला बसतात आणि उत्तर कमी येतं. मग बर्फात, सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण कलरिमीटरच्या ५४० नॅनोमीटर फिल्टरवर वाचा.

नळ्या सात: ससा आणि ताजं सिरम, मेंढी आणि ताजं सिरम, ससा आणि सिरम पण १० मिलिमोलर ईडीटीए (ते मॅग्नेशियमही धरतं) घातलेलं, ससा आणि ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं सिरम, ससा आणि नुसतं बफर, ससा आणि डिस्टिल्ड वॉटर, मेंढी आणि डिस्टिल्ड वॉटर. शेवटच्या दोनमध्ये सगळ्या पेशी फुटतात, त्या म्हणजे १०० टक्के. वेळ असेल तर आठवी: ५० अंशांवर २० मिनिटं तापवलेलं सिरम. फॅक्टर बी तेवढ्यानेच मरतो, त्यामुळे सशाच्या पेशी वाचतात.

सिरम त्याच दिवशीचं. प्लेन बल्बमध्ये रक्त, अर्धा तास गोठू द्या, फिरवा, सिरम लगेच बर्फात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासलेल्या दात्याचंच. ब्लड बँकेच्या पिशवीतला प्लाझ्मा चालणार नाही. त्यात सायट्रेट असतं, ते कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही धरतं.

---

खारघर_रिसेप्टर

सिरमवाल्यांनी छान मांडलंय. दुसरा प्रश्न मी घेते, आणि सर म्हणतात तो दोन धड्यांमधला दुवाही इथेच आहे. तो दुवा पुन्हा सायलिक अ‍ॅसिडच.

फॅक्टर एच सायलिक अ‍ॅसिड वाचतं, तसेच सिग्लेक कुळातले रिसेप्टरही तेच वाचतात. बी पेशीवर सीडी२२, मोनोसाइटवर सीडी३३, न्यूट्रोफिलवर सिग्लेक-९. एकच ओळखपत्र, एक पहारेकरी रक्तात तरंगणारा आणि दुसरा पांढऱ्या पेशीच्या दारात बसलेला. चोरही हे ओळखून आहेत. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस स्वतःच्या कॅप्सूलवर सायलिक अ‍ॅसिड लावून सिग्लेक-९ ला फसवतो आणि न्यूट्रोफिल मवाळ होतो. मेंदूज्वराचा जंतू मेनिंगोकोकस तर थेट फॅक्टर एचच धरून अंगावर पांघरतो. त्यासाठीचं त्याचं प्रथिन पुढे मेनिंगोकोकस बी लसीचा घटक झालं.

आता ब्रेकचं यंत्र. अशा बहुतेक रिसेप्टरच्या पेशीच्या आतल्या शेपटीत आयटिम नावाची सहा अक्षरांची खूण असते: आयसोल्युसिन, व्हॅलिन, ल्युसिन किंवा सेरिन, मग कुठलंही एक, मग टायरोसिन, मग कुठलीही दोन, शेवटी ल्युसिन किंवा व्हॅलिन. मधल्या टायरोसिनवर फॉस्फेट बसला की तिथे एसएचपी-१, एसएचपी-२ किंवा शिप ही एन्झाइम येऊन बसतात आणि शेजारच्या, पेशी चालू करणाऱ्या रिसेप्टरमुळे लागलेले फॉस्फेट पुसून टाकतात. शिप जरा वेगळं, ते पडद्यातल्या लिपिडवरचा फॉस्फेट काढतं. इथे विद्यार्थ्यांच्या नजरेतून एक गोष्ट हमखास सुटते. त्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतो तो सार्क कुळातला कायनेज, म्हणजे बी पेशीत लिन, आणि तोच चालू करणाऱ्या रिसेप्टरलाही पेटवतो. पेटवणारा आणि ब्रेकला हात घालणारा एकच.

म्हणूनच अंतर महत्त्वाचं. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर पेशीच्या पडद्यावर एकमेकांना खेटून आले तरच ब्रेक लागतो. पुरावा प्रयोगशाळेत रोज दिसतो. बी पेशींना उद्दीपित करायला अँटी-आयजीएम अँटीबॉडीचा एफ(एबी')२, म्हणजे शेपटी नसलेला, तुकडाच वापरतात. अख्खी आयजीजी वापरली तर तिची एफसी शेपटी त्याच पेशीवरच्या एफसी-गॅमा-आर२बी या ब्रेक लावणाऱ्या रिसेप्टरला ओढून बी सेल रिसेप्टरशेजारी आणते आणि पेशी थंड पडते. शरीरातही तेच: अँटिजनविरुद्ध पुरेशी आयजीजी तयार झाली की तीच बी पेशीला सांगते, आता बास.

एनके पेशींचं थोडक्यात. त्या समोरच्या पेशीवर एचएलए क्लास १ ही 'आपली' असल्याची खूण शोधतात. ते सापडलं तर केआयआर आणि एनकेजी२ए हे रिसेप्टर ब्रेक लावतात. ते नसेल तर ब्रेक सुटतो. हा 'मिसिंग सेल्फ' चा विचार, १९८६ मध्ये शास्त्रज्ञ क्लास केरे आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या ट्यूमरवर दाखवला. के५६२ ही पेशीमालिका एनके चाचणीत याचसाठी वापरतात: तिच्यावर क्लास १ जवळजवळ नसतंच.

आता सी१क्यू. त्याचा आकार ट्यूलिपच्या गुच्छासारखा: १८ साखळ्या, सहा डोकी, आणि खाली कोलॅजनसारखे देठ. डोकी चिकटतात अँटीबॉडीला, मेलेल्या पेशींच्या कचऱ्याला. रक्तात देठांभोवती सी१आर आणि सी१एस ही एन्झाइम बसलेली असतात, सगळं मिळून सी१. सी१ पेटलं की सी१ इनहिबिटर येतं, सी१आर-सी१एसला धरून बाजूला नेतं आणि देठ उघडे पडतात.

कोलॅजन वाचणारा एक आयटिमवाला रिसेप्टर मोनोसाइट आणि डेंड्रिटिक पेशींवर असतो: लेअर-१. सी१क्यूचे देठ त्याला कोलॅजनसारखेच वाटतात. सी१क्यू लेअर-१ ला धरतं तेव्हा मोनोसाइटचं डेंड्रिटिक पेशीत रूपांतर मंदावतं आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींतून निघणारं, प्रतिकार भडकवणारं इंटरफेरॉन-अल्फा कमी होतं. शिवाय सी१क्यू सीडी३३ आणि लेअर-१ या दोघांना एकत्र ओढू शकतं, म्हणजे दोन ब्रेक एकाच वेळी. सर, तुमच्या तोंडी परीक्षेचं उत्तर हे. कॉम्प्लिमेंटचा पहिला रेणू स्वतःच इनहिबिटरी रिसेप्टरची किल्ली आहे.

म्हणून सी१क्यू नसलं की दोन गोष्टी एकदम बिघडतात. मेलेल्या पेशींचा कचरा वेळेवर उचलला जात नाही, डीएनए-आरएनए उघड्यावर पडून राहतं. आणि तो कचरा बघून इंटरफेरॉन ओतणाऱ्या पेशींना थांबवणारा हातही नसतो. ल्युपसमध्ये इंटरफेरॉनची छाप रक्तात दिसते ती याच मार्गाने जुळते. ज्यांच्यात सी१क्यू जन्मतः ठीक असतं अशा ल्युपसच्या कितीतरी रुग्णांत अँटी-सी१क्यू अँटीबॉडी सापडतात. त्या नेमक्या कोलॅजनसारख्या देठाला चिकटतात, आणि किडनीचा ल्युपस असलेल्यांत त्यांचं प्रमाण जास्त.

---

ठाणे_पॅथ_बेंच

तिसरा प्रश्न माझ्या टेबलावरचा. सी३, सी४ नॉर्मल आणि सीएच५० शून्य आलं तर पहिला संशय रुग्णावर घ्यायचा नाही, नमुन्यावर घ्यायचा.

सी३ आणि सी४ नेफेलोमेट्रीने मोजतात. अँटीबॉडी प्रथिनाला चिकटली की गढूळपणा येतो, तो मोजायचा. प्रथिन जिवंत आहे की तुकडे झालेत हे त्या यंत्राला कळत नाही. सी३चे तुकडेही त्यात मोजले जातात. सीएच५० मात्र काम मोजतं: मेंढीच्या पेशींवर अँटीबॉडी लावून त्या सिरमने किती फोडल्या. साखळीतली एक कडी जरी गळली तरी पेशी फुटत नाही.

ठाण्यातल्या एखाद्या कलेक्शन सेंटरवर सकाळी ८ ला घेतलेलं रक्त बल्बमध्येच राहिलं, दुपारच्या राउंडला बायकरच्या बॅगेत गेलं, घोडबंदर रोडच्या गर्दीतून मुख्य लॅबला संध्याकाळी पोचलं, की सीएच५० गेलंच समजा. नियम असा: प्लेन बल्ब, तपमान साधं, ३० ते ६० मिनिटांत गोठू द्यायचं, दोन तासांच्या आत सिरम वेगळं, आणि त्याच दिवशी तपासणार नसाल तर उणे ७०. उणे २० म्हणजे उणे ७० नव्हे, तिथेही सीएच५० हळूहळू घसरतं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमधून आलं असेल तर कॅल्शियमच नाही, शून्यच येणार. उलट सी३ए, सी५ए (सी३, सी५ चे छोटे तुकडे) मोजायचं असेल तेव्हा ईडीटीएच हवा, कारण सिरममध्ये गोठता गोठताच ते तयार होतात. जेल असलेला पिवळा बल्बही सीएच५० साठी टाळलेला बरा.

दुसरं, औषधांची यादी बघा. एक्युलिझुमॅब सी५ अडवतं. ते चालू असलेल्या रुग्णात सीएच५० शून्य येणं म्हणजे औषध काम करतंय.

हे दोन्ही नसेल आणि नीट घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही शून्य आलं, तर एएच५० करा. ती सिरमवाल्यांनी सांगितलेल्या सशाच्या पेशींचीच चाचणी आहे. सीएच५० शून्य पण एएच५० ठीक: बिघाड सी१, सी४ किंवा सी२ मध्ये. तुमच्या रिपोर्टमध्ये सी४ नॉर्मल आहे, म्हणजे सी२ किंवा सी१चे भाग. सीएच५० ठीक पण एएच५० शून्य: फॅक्टर बी, डी किंवा प्रॉपरडिन. दोन्ही शून्य: सी३ किंवा सी५ ते सी८. सी३ तुमच्याकडे ११८ आहे, म्हणून सी५ ते सी८. सी९ नसेल तर थोडं फुटतंच, सीएच५० पूर्ण शून्य होत नाही. सी५ ते सी९ मधली कमतरता असलेल्या माणसाला मेनिंगोकोकसचा मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होऊ शकतो. म्हणून 'याआधी कधी मेनिंजायटिस झाला होता का, घरात कुणाला झाला होता का' हे दोन प्रश्न मुलांच्या वहीत उतरवून घ्या.

सी३-सी४ च्या जोड्याही शिकवा. सी३ कमी, सी४ ठीक: अल्टरनेटिव्ह पाथवे पेटलाय, घशाच्या स्ट्रेप इन्फेक्शननंतरचा नेफ्रायटिस, सी३ ग्लोमेरुलोपॅथी. स्ट्रेपनंतरचं सी३ साधारण ८ ते १२ आठवड्यांत वर यायला हवं, नाही आलं तर पुढे शोधा. दोन्ही कमी: ल्युपस. सी४ खूप कमी, सी३ ठीक: क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणाऱ्या अँटीबॉडी) किंवा सी१ इनहिबिटरची कमतरता. आणि सी३, सी४ दोन्ही तापात वाढतात. म्हणून सूज असलेल्या माणसात 'नॉर्मल' आकडा म्हणजे खर्च होऊनही भरून आलेला असू शकतो. एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा मागचा आकडा जास्त बोलतो.

सी१ इनहिबिटरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते कमी असलं की ओठ, जीभ, घसा सुजतो, अंगावर गांधी मात्र उठत नाहीत. ही सूज ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या झिरपवणाऱ्या रेणूची, कारण सी१ इनहिबिटर तो बनवणाऱ्या कॅलिक्रिनलाही ब्रेक लावतं. म्हणून अ‍ॅड्रेनालिन, अँटीहिस्टामिन आणि स्टेरॉइड देऊन उतरत नाही. सी१ इनहिबिटर कॉन्सन्ट्रेट किंवा आयकॅटिबँट लागतं. तपासणी सांगताना 'प्रमाण' आणि 'कार्य' दोन्ही मागवा. या आजाराच्या टाइप २ मध्ये प्रथिन भरपूर असतं, फक्त निकामी.

---

कळवा_पूर्व

दोन बारीक दुरुस्त्या. क्लासिकल कन्व्हर्टेज जुन्या पुस्तकांत सी४बी२ए असं लिहिलेलं सापडेल, नव्या नामकरणात सी४बी२बी. सी२ चा मोठा तुकडा आता 'बी' झालाय. मुलं दोन पुस्तकं वाचून गोंधळतात, तेव्हा आधीच सांगून टाका.

दुसरं, फॅक्टर आयने सी३बी कापलं म्हणजे गोष्ट संपली असं नाही. जे उरतं ते आयसी३बी. त्याच्यावर कन्व्हर्टेज बनत नाही, म्हणजे आग विझली. पण मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशीचा सीआर३ रिसेप्टर त्याला छान ओळखतो आणि पेशी गिळतो. आणखी कापलं की सी३डीजी उरतं, ते सीआर२ रिसेप्टरमधून बी पेशीला उलट उत्तेजन देतं. म्हणून 'ब्रेक' हा शब्द फळ्यावर लिहाच, पण ब्रेकमधून निघालेला तुकडा पुढच्या पेशीला दुसराच निरोप देतो हेही सांगा. आणि त्याच मॅक्रोफेजच्या अंगावर सर्प-अल्फा हा आयटिमवाला रिसेप्टर आहे. समोरच्या पेशीवर सीडी४७ दिसलं की तो म्हणतो, हिला खाऊ नकोस. आयसी३बी 'खा' म्हणतं, सीडी४७ 'नको' म्हणतं. जिथे बेरीज झुकेल तिकडे पेशी जाते.

---

ऐरोली_मायक्रो

सगळ्यांचे मनापासून आभार. तो रिपोर्ट आता 'नमुना बिघडल्याचा संशय' म्हणूनच दाखवतो, आणि एएच५० चा तक्ता शेजारी. दोन शंका राहिल्या. मुलं हमखास विचारतील की कॅन्सरची पीडी-१ औषधं म्हणजे हाच ब्रेक का? आणि प्रॅक्टिकलमध्ये मेंढीची नळीही लाल झाली तर काय समजायचं?

---

खारघर_रिसेप्टर

हो, त्याच घराण्यातला, टी पेशीवरचा. पीडी-१ १९९२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ होन्जोंच्या गटाला सापडलं, त्याच्या शेपटीवर मुख्यतः एसएचपी-२ बसतं. टी पेशीवरच्याच दुसऱ्या ब्रेकची, सीटीएलए-४ ची, चाल वेगळी: ते पेशी चालू करणाऱ्या सीडी२८ चं खाद्य, म्हणजे सीडी८० आणि सीडी८६, जास्त घट्ट पकडून पळवतं. अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना याबद्दल २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक काढला की टी पेशी ट्यूमरवर जातात, पण थायरॉइड, आतडं, फुप्फुस यांच्यावरही जातात. म्हणून औषध चालू असताना जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा विलक्षण थकवा आला तर अंगावर काढायचं नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण मुलांना आवडेल. डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये टाटा मेमोरियलने निव्होलुमॅब हे पीडी-१ औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, सोबत तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. २०२३ मध्ये छापलेल्या त्या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तुलना नुसत्या तोंडाच्या औषधांशी होती, २४० मिलिग्रॅमशी नव्हे, हे मात्र स्पष्ट करा. नाहीतर मुलं 'कमी डोस जास्त चांगला' असं लिहून मोकळी होतील.

---

घोडबंदर_सिरम

मेंढीची नळी लाल झाली तर क्रमाने बघा. मेंढी आणि नुसतं बफर अशी नळी मी वर लिहायला विसरलो, ती आठवणीने लावा. ती लाल असेल तर पेशी जुन्या आहेत किंवा बफरमध्ये मीठ कमी पडलंय. ती स्वच्छ आणि सिरमची नळी लाल, तर ईजीटीए कमी पडलं किंवा बफरचा पीएच खाली गेलाय. ईजीटीए आम्लात कॅल्शियम नीट धरत नाही, आणि ते विरघळवतानाच द्रावण आम्ल होतं. म्हणून ईजीटीए घातल्यानंतर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच पुन्हा ७.४ वर आणायचा, आधी नव्हे.

आणि सशाची नळी लाल झालीच नाही तर आधी सिरम कधी काढलं ते विचारा. वर्ग सुरू होण्यापूर्वी टेबलावर ठेवलं असेल तर एप्रिलमधल्या ऐरोलीत त्याचा जोर लवकर ओसरतो.